संघटकाची शाळा : सोलापूर ते जॉन्स बेट

‘कार्यकर्ता’ हा शब्द महाराष्ट्रात इतका सैल झाला आहे की सतरंज्या उचलणाऱ्यापासून चौकातल्या फलकावर स्वतःचे छायाचित्र झळकवणाऱ्यापर्यंत सर्वांना तो चालतो. त्यामुळे ‘संघटक’ हा शब्द वेगळा राखणे सोयीचे ठरते. वस्तीतील लोकांना आपला प्रश्न नेमका मांडता यावा, त्यांनीच बैठक घ्यावी, इतिवृत्त लिहावे, वर्गणीचा हिशेब ठेवावा आणि कार्यालयातून उत्तर मिळवावे, एवढी त्यांची तयारी करून घेणारा आणि ती झाल्यावर बाजूला सरकू शकणारा माणूस म्हणजे संघटक. तो शिकवून घडवावा लागतो, हा विचार अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. पण त्या चळवळीतील नावाजलेल्या वर्गांच्या तीन दशके आधी त्याचा एक धडा सोलापुरात गिरवला गेला होता.

मे 1924 मध्ये बार्शी येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली आणि त्याच वर्षीच्या 20 जुलैला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. शिक्षण, चेतवणी आणि संघटन ही सभेची त्रिसूत्री पुढे देशभर पोचली. सभेच्या सुरुवातीच्या कामाकडे पाहता मात्र तिचा भर पहिल्या पदावर होता असे दिसते, कारण 4 जानेवारी 1925 रोजी सभेने सोलापुरात माध्यमिक शाळेतील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. राहणे, जेवण, कपडे व लेखनसाहित्य यांचा भार सभेने उचलला आणि सोलापूर नगरपालिकेने 40 रुपयांचे साहाय्य दिले. सभेच्या प्रोत्साहनाने विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढत, ही बाब चरित्रग्रंथांत एका ओळीत आटोपते, पण संघटकाच्या घडणीच्या दृष्टीने तीच सर्वांत बोलकी आहे. मासिक काढायचे म्हणजे लेख मागून घ्यावे लागतात, काही परत करावे लागतात, मतभेद मिटवावे लागतात आणि ठरलेल्या तारखेला अंक पुरा करावा लागतो; ज्यांना गावात पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती त्यांच्या मुलांनी निर्णय घेण्याची ही सवय लावून घेणे म्हणजे राजकीय शिक्षणच होय.

याच विचाराचे उघड रूप बाबासाहेबांच्या आयुष्याच्या अखेरीस दिसले. जुलै 1956 मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले; त्यात अवघे 15 विद्यार्थी होते, आणि 6 डिसेंबरला संस्थापकच गेल्यानंतर मार्च 1957 मध्ये ते बंद पडले. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात फुटींची चर्चा पुष्कळ होते, त्या मानाने या बंद पडलेल्या शाळेची फार थोडी, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

योगायोग असा की ही शाळा मिटत असताना अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील जॉन्स बेटावर तशीच एक शाळा उघडत होती. त्या राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे, आणि शिक्षणापासून दूर ठेवलेल्या कृष्णवर्णीयांना गाळण्यासाठी ही अट हुकमी ठरत होती. टेनेसीतील हायलँडर या लोकशाळेच्या मदतीने, शिक्षिका सेप्टिमा क्लार्क आणि बेटावरचे पुढारी इसॉ जेंकिन्स यांच्या पुढाकाराने, जानेवारी 1957 मध्ये तेथे प्रौढांचा ‘नागरिकत्व वर्ग’ भरू लागला. गोऱ्यांचा संशय येऊ नये म्हणून पुढे सहकारी दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, अशी त्याची रचना होती. शिकवण्यासाठी मुद्दाम व्यावसायिक शिक्षक न नेमता बर्निस रॉबिन्सन या केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या बाईंना निवडण्यात आले, कारण पदवीधर शिक्षक प्रौढांना लहान मुलांसारखे वागवतील अशी भीती होती. बाईंनी आधी शिकणाऱ्यांनाच विचारले की त्यांना काय हवे आहे. स्वतःचे नाव लिहिणे, मनीऑर्डरचा अर्ज भरणे अशी उत्तरे आली आणि तोच अभ्यासक्रम झाला. घटनेचा उतारा त्यामागून आला. 1961 मध्ये टेनेसी राज्य सरकारने हायलँडरचा परवाना रद्द केला, परंतु तोवर हे वर्ग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपवले गेले होते आणि दक्षिणेतील राज्यांत पसरू लागले होते.

महाराष्ट्राने अमेरिकेकडून उचलले ते मात्र वेगळे होते. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरचे. तिच्या तडफेने सत्ताधारी हादरले आणि मराठी साहित्याची भाषा बदलली, पण नेते फुटताच पाच वर्षांत संघटना बरखास्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. उलट पुण्यात सरकारी नोकरी केलेल्या कांशीराम यांनी सहकाऱ्यांसह 6 डिसेंबर 1978 रोजी ‘बामसेफ’ला औपचारिक रूप दिले, तेव्हा मागास व अल्पसंख्याक समाजांतील कर्मचाऱ्यांची ‘केडर’ शिबिरे, म्हणजे प्रशिक्षित कार्यकर्त्यांची फळी उभारणारे वर्ग, हाच तिचा कणा होता. सभा जिंकणे आणि संघटना उभारणे यांतला फरक या दोन उदाहरणांइतका स्पष्ट क्वचितच दिसतो, जरी पँथरशिवाय त्या शिबिरांना श्रोते मिळाले असते का, हा प्रश्न उरतोच.

आता पुन्हा सोलापुराकडे वळू. विजापूर रस्त्यालगतच्या जुळे सोलापुरात आज शिक्षक, बँक कर्मचारी आणि सरकारी नोकर यांची घरे आहेत. अर्ज, ठराव, टिपणी आणि अंदाजपत्रक ही या वर्गाची रोजची भाकरी; बुधवार पेठेतील मिलिंदनगरात किंवा विडी कामगारांच्या वस्त्यांत नेमके तेच ज्ञान तोकडे पडते, आणि अंतर केवळ काही किलोमीटरचे आहे. महापालिकेचा निधी वस्तीत कशावर खर्च झाला हे विचारणाऱ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, आणि कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. 14 एप्रिलच्या जयंतीसाठी मंडळांच्या बैठका भरतील, त्यांपैकी एका बैठकीस जुळे सोलापुरातील एखाद्या निवृत्त लिपिकाने जावे, असा एक अर्ज सर्वांकडून मिळून तयार करून घ्यावा, आणि लेखणी मात्र सर्वांत मागे बसलेल्याच्या हाती द्यावी.