सेनानी, गव्हर्नर आणि बारा दिवस



लढाई गाजवलेला माणूस निवडणुकीला उभा राहिला, की लोक त्याला डोक्यावर घेतात. पण खुर्चीत बसल्यावर तो हुकूम सोडणार की कायदा पाळणार, हे कसं कळायचं? आज मी अशा एका माणसाबद्दल बोलणार आहे, ज्याची ही परीक्षा खरोखरच झाली. अमेरिकेतल्या मेन राज्याचे जोशुआ चेंबरलेन.

मुळात हे प्राध्यापक. बोडन कॉलेजात भाषा शिकवायचे. १८६२ मध्ये युरोपात अभ्यासाला जाण्यासाठी रजा मिळाली, तर हे गेले थेट सैन्यात. २ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या लढाईत, लिटल राउंड टॉप या टेकडीवर, दारूगोळा संपत आल्यावर त्यांच्या पलटणीनं संगिनी लावून चढाई केली. पुढच्या वर्षी पीटर्सबर्गला गोळी कमरेतून आरपार गेली. वर्तमानपत्रांनी मृत्यूची बातमीही छापली. पण माणूस वाचला. एप्रिल १८६५ मध्ये अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेचे सैनिक शस्त्रं खाली ठेवायला आले, तेव्हा त्या हरलेल्या शत्रूला चेंबरलेन यांनी मानवंदना दिली.

१८६६ मध्ये ते मेनचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडलेला असतो, कारभार तोच बघतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. मुदत तेव्हा एकच वर्षाची. चेंबरलेन सलग चार वेळा निवडून आले आणि मग कॉलेजचे अध्यक्ष झाले.

खरी गोष्ट पुढेच आहे. १८७९ च्या निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी कुणालाच बहुमत मिळालं नाही. अशा वेळी निवड विधिमंडळानं करायची. विधिमंडळात रिपब्लिकन पक्ष पुढे दिसत होता. पण मावळते गव्हर्नर गार्सेलन आणि त्यांच्या मंडळानं कागदपत्रांतल्या बारीकसारीक चुकांवर बोट ठेवून मतपत्रकं बाद केली, आणि पारडं फिरलं. दोन्ही बाजू म्हणू लागल्या, सरकार आमचंच. राजधानी ऑगस्टात हत्यारबंद माणसं जमली.

चेंबरलेन तेव्हा राज्याच्या मिलिशियाचे प्रमुख होते. जानेवारी १८८० मध्ये राज्याचं रक्षण त्यांच्याकडे सोपवण्यात आलं. त्यांनी काय केलं? पलटणी बोलावल्याच नाहीत. विधानभवनातली हत्यारबंद माणसं घरी पाठवली, शहरातल्या पोलिसांच्या भरवशावर पहारा ठेवला, आणि सांगितलं: निकाल सर्वोच्च न्यायालय देईल, तोवर कुणीच गव्हर्नर नाही.

चेंबरलेन स्वतः रिपब्लिकन, म्हणून विरोधक संशय घेत होते. स्वपक्षाचे लोक चिडले, कारण हा आपल्यासाठी बळ वापरत नाही. जिवे मारायच्या धमक्या आल्या. बारा दिवस हे चाललं. शेवटी न्यायालयानं रिपब्लिकन विधिमंडळ वैध ठरवलं, डॅनिएल डेव्हिस गव्हर्नर झाले, आणि चेंबरलेन कॉलेजात परतले. रक्त सांडलं नाही.

बक्षीस काय मिळालं? पुन्हा कधीच निवडून आलेलं पद मिळालं नाही. पीटर्सबर्गच्या जखमेनं आयुष्यभर छळलं, आणि १९१४ मध्ये त्याच दुखण्यानं ते गेले.

गेटिसबर्गवर सिनेमे निघाले, पुस्तकं आली. मला मात्र ते बारा दिवस जास्त मोलाचे वाटतात. कारण टेकडीवर समोर शत्रू होता. ऑगस्टात समोर आपलेच लोक होते, आणि सैन्य बोलावणं अगदी सोपं होतं.

भेटू पुढच्या भागात.