‘रन’च्या ६४५ धावा

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कुठल्या शब्दाला, असं विचारलं की क्विझवाली मुलं अजूनही ‘सेट’ म्हणतात. १९८९च्या वीस खंडी ऑक्सफर्ड कोशापर्यंत ते खरंही होतं. पुढे कोशाची नवी आवृत्ती ‘एम’ अक्षरापासून सुधारायला घेतली आणि सेटची गादी गेली. आधी ‘मेक’ पुढे गेला, मग ‘पुट’, आणि २०११ साली ‘रन’नं सगळ्यांना मागे टाकलं. एका क्रियापदाचे ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर हे कोशकार नऊएक महिने या एकाच शब्दाला जुंपलेले होते. मला त्यांचा हेवा वाटतो.

कोशाचा इतिहास भराभर उरकतो. १८५७ साली लंडनमध्ये कल्पना निघाली (मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत आली तेच वर्ष), १८७९मध्ये जेम्स मरे संपादक झाले, १९१५मध्ये ते गेले, आणि काम संपलं १९२८मध्ये. ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवर त्यांच्या घरापुढची लाल टपालपेटी मी मुद्दाम पाहून आलो. शब्दांचे वापर टिपून वाचकांनी धाडलेल्या चिठ्ठ्यांचं टपालच एवढं, की पोस्टानं पेटी दारात आणून बसवली.

माणसं आणि घोडी पळत होती तोवर ‘रन’चा पसारा आटोक्यात होता. यंत्रं आली आणि तो फोफावला. इंजिन, घड्याळ, कारखाना, पुढे संगणकाचा प्रोग्रॅम, सगळं इंग्रजीत ‘रन’ होतं. आपल्याकडे हे सारं निवांत चालतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटकही चालतं. लोकल तेवढी धावते, तीही वर्तमानपत्रात. फलाटावरच्या माणसाला विचारून बघा.

गंमत म्हणजे पुष्कळ ‘रन’मध्ये कुणी पळतच नाही. २००७ साली इंग्लंडात नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवीदार तासन्‌तास रांगेत उभे होते, तरी तो बँकेवरचा ‘रन’च. गिरणीतून प्रतवारी न करता निघालेला माल ‘रन ऑफ द मिल’, म्हणून कुठलीही सुमार गोष्ट तशीच. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो. ब्रिटिश मात्र आपल्यासारखा उभा राहतो.

आता माझ्या लाडक्या क्रिकेटकडे. अठराव्या शतकात धावा मोजायला काठीवर खाचा पाडत, म्हणून धावांनाच ‘नॉच’ म्हणत. आज चेंडू सीमेपार गेला की फलंदाज बॅटवर रेलून उभा, आणि खात्यात चार ‘रन’! षटकारही पूर्वी एवढा स्वस्त नव्हता. इंग्लंडात १९१०पर्यंत चेंडू मैदानाबाहेरच धाडावा लागे.

आणि ‘रनआउट’! डिसेंबर १९४७, सिडनी कसोटी. विनू मंकड गोलंदाजीला आले, नॉन-स्ट्रायकर, ऑस्ट्रेलियाचा बिल ब्राऊन, चेंडू सुटण्याआधीच क्रीज सोडून निघाला, मंकडांनी बेल्स उडवल्या. याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राऊनला ताकीद देऊन मग असंच बाद केलं होतं. खुद्द ऑस्ट्रेलियाच्या कर्णधारानं, ब्रॅडमननं, मंकडांची बाजू घेतली. तरी ‘मंकडिंग’ हा शब्द हिणवण्यासाठीच रूढ झाला. मला हे कधीच पटलं नाही. दोन पावलं चोरणारा साळसूद आणि पकडणारा बदनाम, हा कुठला न्याय? अखेर २०२२मध्ये क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीनं हा प्रकार ‘अनफेअर प्ले’च्या कलमातून उचलून सरळ ‘रनआउट’च्या कलमात घातला. मंकड तोवर हयात नव्हते.