कर्णनाद आणि चिंताशामक गोळ्या

पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तहसिलीत, कन्हान नदीच्या काठी रामाकोना हे गाव आहे. कापूस, संत्री आणि मँगनीज ही या परिसराची ओळख. सरकी काढण्याचे कारखाने, खाणी, मळणीयंत्रे, पिठाच्या गिरण्या अशा ठिकाणी सतत गोंगाटात राहून येथील अनेकांना पोट भरावे लागते. अशा कष्टकऱ्याला काही वर्षांनी एखाद्या रात्री कानात रातकिडा ओरडत असल्यासारखे वाटू लागते. बाहेर तर सारे शांत असते. महिनोन्‌महिने हा आवाज थांबत नाही, उलट वाढतो. झोप उडते. मग कोणीतरी ‘झोपेची गोळी’ सुचवते आणि त्या रात्री बरे वाटते. ही गोळी नेमके काय करते आणि काय करीत नाही, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

आवाज कोठून येतो?

या विकारास कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेत कानाचे जे 28 रोग सांगितले आहेत, त्यांत त्याचा समावेश आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार प्रौढांपैकी सुमारे 14 टक्के लोकांना तो जाणवतो. मात्र त्याचा तीव्र त्रास सुमारे 2 टक्के लोकांनाच होतो.

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असून त्यात ध्वनी ग्रहण करणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने किंवा वार्धक्याने त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवितो. रेडिओवर केंद्र नीट लागत नसताना आवाज वाढविला तर खरखरही वाढते, तसाच हा प्रकार समजावा.

चिंतेचा संबंध

1953 साली अमेरिकेत 80 निरोगी श्रवणशक्तीच्या व्यक्तींना एकेक करून पूर्ण निःशब्द खोलीत बसविण्यात आले. पाच मिनिटांच्या आत त्यांपैकी 94 टक्के लोकांना काही ना काही आवाज जाणवला. म्हणजे असा सूक्ष्म नाद बहुतेकांच्या ठिकाणी असतो. मेंदू तो निरुपयोगी म्हणून बाजूस सारतो. परंतु त्या आवाजाची एकदा भीती बसली की मेंदू त्यावर पहारा ठेवू लागतो. शेतात जागलीला बसलेल्या माणसाला पाचोळा वाजला तरी रानडुक्कर आल्याचा भास होतो. भीतीने झोप जाते, झोप गेल्याने नाद अधिक जाणवतो आणि नादामुळे भीती वाढते.

गोळी काय करते?

डायझेपाम (1963 पासून प्रचारात), अल्प्राझोलाम इत्यादी चिंताशामक औषधे मेंदूतील ‘गाबा’ या शामक द्रव्याचा प्रभाव वाढवितात. त्यामुळे पहारा सैल पडतो. मात्र कानातील नष्ट झालेल्या पेशींवर त्यांचा कोणताही परिणाम होत नाही. 1993 मधील एका लहान अभ्यासात अल्प्राझोलामने बहुसंख्य रुग्णांना आवाज कमी वाटला. परंतु त्या अभ्यासातील उणिवा पुढे दाखविल्या गेल्या. 2014 साली अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने कर्णनादावर ही औषधे सरसकट देऊ नयेत, असा सल्ला दिला. तीव्र घबराट असल्यास डॉक्टर ती थोड्या दिवसांसाठी देऊ शकतात. तेथेच त्यांची मर्यादा आहे.

धोका कोठे आहे?

रोज घेतल्यास काही आठवड्यांतच शरीराला गोळीची सवय होते आणि तोच परिणाम होण्यासाठी मात्रा वाढवावी लागते. गुंगीमुळे ट्रॅक्टर किंवा यंत्र चालविणे धोक्याचे ठरते. वृद्ध तोल जाऊन पडतात. दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. सवय झालेली गोळी एकाएकी बंद केली तर हातपाय कापणे, निद्रानाश, क्वचित झटकेही येतात, आणि कानातील आवाज पूर्वीपेक्षा मोठा होऊ शकतो. रुग्णाला वाटते, रोगच बळावला. तो पुन्हा गोळीकडे वळतो. म्हणून जे अशा गोळ्या दीर्घकाळ घेत आहेत त्यांनी त्या स्वतःहून थांबवू नयेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू, आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अवधीने, कमी करावी लागते.

याच कारणास्तव 2014 पासून डायझेपाम, अल्प्राझोलाम इत्यादी औषधे ‘एच-1’ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपून ठेवावयाची असते.

मग करावे काय?

1. प्रथम कानाची तपासणी करून घ्यावी. मळ, कानाचा संसर्ग किंवा रक्तदाब हेही कारण असू शकते. ॲस्पिरिनची मोठी मात्रा, क्विनाईन, स्ट्रेप्टोमायसिन यांनीही कान वाजतात. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

2. अचानक ऐकू येईनासे झाले, आवाज एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असला, अथवा भोवळ किंवा चेहऱ्याला लुळेपणा आला तर त्वरित रुग्णालय गाठावे.

3. श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्र लावावे. बाहेरचे आवाज आत आले की आतला आवाज मागे पडतो.

4. रात्री पूर्ण शांतता टाळावी. पंखा किंवा मंद आवाजातील रेडिओ पुरेसा होतो.

5. विचारांची दिशा बदलण्यास शिकविणारी मानसोपचारपद्धती उपयुक्त ठरली आहे. 28 अभ्यासांच्या 2020 मधील आढाव्यात तिने कर्णनादाचा जाच कमी होतो असे आढळले.

6. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तासांहून अधिक काम करू नये. दर 3 डेसिबल वाढीस ही वेळ निम्मी होते. कापसाचा बोळा पुरत नाही. कानात घालावयाची बुचे किंवा कर्णकवच वापरावे.

छिंदवाडा येथे 2019 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1947 पासून कार्यरत आहे. मन फारच खचल्यास 14416 या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर सल्ला मिळतो.

शिक्षकांनी वर्गात कानाच्या रक्षणाचा विषय काढावा. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेतील ध्वनिक्षेपकांवरील बंदी अधिकाऱ्यांनी पाळून घ्यावी. घरच्या मंडळींनी एवढेच लक्षात ठेवावे की, ‘कान वाजतो’ असे सांगणारा माणूस भ्रमात नसतो. आवाज पूर्ण गेला नाही तरी त्याची भीती जाऊ शकते, आणि भीती गेली म्हणजे झोप परत येते.