चकी आणि तात्या विंचू : 'कॉपी' की रूपांतर?



माझगावच्या आमच्या वर्गात 'झपाटलेला'चा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, हा पिक्चर कॉपी आहे!" खरंच तसं आहे का? तुलना करायला शिकवण्यासाठी हे उदाहरण फार उपयोगी आहे.

आधी साम्य पाहू. टॉम हॉलंड यांचा 'चाइल्ड्स प्ले' १९८८ साली आला आणि महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली. दोन्हींत गोळी लागून मरणारा गुन्हेगार मंत्राने आपला आत्मा बाहुल्यात घालतो. आपण कोण हे तो ज्याला पहिल्यांदा सांगतो, त्याच्याच शरीरात त्याला शिरता येतं.

आता फरक. तिकडे बाहुला सहा वर्षांच्या अँडीकडे येतो, इकडे बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेल्या मोठ्या लक्ष्याकडे. या एका बदलाने सगळा रंगच पालटतो. लहान मूल संकटात दिसलं की आपला जीव घाबरा होतो, पण लक्ष्मीकांत बेर्डे घाबरले की हसू फुटतं. पाध्ये घराण्याच्या अर्धवटरावामुळे आपल्याला शब्दभ्रम ओळखीचा होताच, आणि तात्या विंचूचा बाहुलाही रामदास पाध्ये यांनीच घडवला. शब्दभ्रम करणाऱ्याचा बाहुला बोलला तर त्यात नवल कुणाला वाटणार?

'चाइल्ड्स प्ले' २०१९ मध्ये पुन्हा निघाला. त्यात मंत्र नाहीच. कारखान्यातला एक कामगार बाहुल्याच्या यंत्रणेतले सुरक्षेचे नियम काढून टाकतो. काळ बदलला, तशी भीतीही बदलली.

वर्गात फळ्यावर तीन रकाने आखा : काय तेच राहिलं, काय बदललं, का बदललं. तिसरा रकाना भरता आला तर ते रूपांतर, रिकामा राहिला तर नक्कल. गाइडमधून उतरवलेल्या निबंधालाही हीच कसोटी लावता येते. मुलांना मग "कॉपी करू नका" हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक सूचना : 'चाइल्ड्स प्ले' मोठ्यांसाठी आहे, तो मुलांना दाखवू नका. गोष्ट तोंडी सांगितली तरी पुरे.

आणि शेवटचं, खास पालकांसाठी. अँडी असो की लक्ष्या, "बाहुला बोलतो" म्हटल्यावर त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मूल घाबरून काही सांगायला आलं, तर "काहीतरीच काय!" म्हणण्याआधी एवढंच विचारा, "बरं, मग पुढे काय झालं?"