आमचं नाव काढून टाका!

कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये दाविदे चेरेतिनी या इटालियन माणसाचं ‘बोटो बिस्ट्रो’ नावाचं छोटं हॉटेल होतं. २०१४ साली त्याने पाटी लावली : ‘येल्प’ या रिव्ह्यूंच्या डिरेक्टरीवर आम्हाला एक स्टार द्या आणि पिझ्झ्यावर २५ टक्के सूट घ्या. गिऱ्हाइकांनी ही गंमत उचलून धरली आणि शिव्यांच्या आडून कौतुक करणारे रिव्ह्यू धडाधड पडू लागले. येल्पने पत्र पाठवून बजावलं, की सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं नियमात बसत नाही. जाहिरात घ्या म्हणून येल्पचे विक्रेते सारखा पिच्छा पुरवतात, ही चेरेतिनीची मूळ तक्रार. पैशांचा आणि रेटिंगचा काहीही संबंध नाही, हे येल्पचं ठरलेलं उत्तर.

एवढा उपद्व्याप कशाला, सरळ नाव काढून घ्यायचं, असं कुणालाही वाटेल. पण येल्पवर ती सोय नाही. धंदा चालू आहे तोवर त्याचं पान राहणार आणि लोक त्यावर लिहिणार.

हा हटवादीपणा वाटतो खरा. पण डिरेक्टरी चालवणाऱ्याच्या बाजूनेही बघायला हवं. नाव काढा म्हणणाऱ्यांत वाईट रिव्ह्यूंनी पोळलेले बरेच असतात. ते गेले, की यादीत उरणार फक्त कौतुकाचे धनी, आणि मग ती यादी कोण कशाला उघडेल? शिवाय अर्ज करणारा खरोखर मालकच आहे, की समोरच्या गल्लीतला प्रतिस्पर्धी, हेही आधी ताडून बघावं लागतं.

म्हणून बऱ्याच ठिकाणी ‘काढून टाका’ या मागणीचं कारण विचारलं जातं. गूगल मॅप्सवर एखादी जागा हटवण्याची सूचना करायला गेलं, तर पर्याय समोर येतात : कायमची बंद झाली, अशी जागाच नाही, दुबार नोंद आहे, खासगी जागा आहे. ‘मालकाला नको आहे’ हे कारण त्यात नाही. दुकान बंद झालं असेल, तर बहुधा नाव पुसलं जात नाही, त्यापुढे ‘कायमचे बंद’ एवढं लागतं. हे शहाणपणाचंच आहे. नाहीतर जुन्या पत्त्यावर माणसं हेलपाटे घालत राहतील. मालकाने स्वतःच्या खात्यातून प्रोफाइल काढून टाकलं, तरी नकाशावरची नोंद राहू शकते. त्याच्या हातातून जातो तो फक्त ती दुरुस्त करण्याचा अधिकार. रागाच्या भरात हे पाऊल उचलणाऱ्याचं त्यामुळे नुकसानच होतं.

या वादाचा सगळ्यात बारकाईने कीस पाडला तो जर्मनीतल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने. डॉक्टरांची यादी देणारं आणि तेव्हा रुग्णांकडून शाळेसारखे १ ते ६ गुण घेणारं ‘यामेडा’ हे तिथलं संकेतस्थळ. म्युनिकच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाने आपलं नाव पूर्ण काढण्याची मागणी केली. २०१४ मध्ये तो हरला. डॉक्टर निवडण्याचं स्वातंत्र्य रुग्णाला आहे, तेव्हा माहिती मिळण्यात लोकांचं हित आहे. खोट्या मजकुराविरुद्ध डॉक्टरने जरूर दाद मागावी, पण यादीतलं नाव राहील, असा तो निकाल.

चारच वर्षांनी कोलोनच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने तीच मागणी केली आणि ती जिंकली. कायदा फिरला नव्हता, मुद्दा जाहिरातींचा होता. पैसे न देणाऱ्या डॉक्टरच्या पानावर यामेडा जवळपासच्या त्याच विषयाच्या डॉक्टरांच्या जाहिराती दाखवत असे, तेही त्यांच्या गुणांसह आणि अंतरासह. पैसे भरणाऱ्याच्या पानावर मात्र प्रतिस्पर्ध्याची सावलीही नसे. मग तुम्ही तटस्थ माहिती देणारे कसे, असं म्हणत न्यायालयाने नाव काढायला लावलं. यामेडाने त्या जाहिराती लगेच बंद केल्या. २०२१ मध्ये काही दंतवैद्य याच मागणीसाठी त्याच न्यायालयात गेले, तेव्हा ते हरले.

नकार देण्याचा डिरेक्टरीचा हक्क हा असा तिच्या वागणुकीवर टिकून आहे. हे तत्त्व आपल्याकडच्या याद्यांनाही लावून बघायला हरकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये गुरुग्रामपासून मुंबईपर्यंतच्या हॉटेलवाल्यांनी ‘लॉगआउट’ मोहीम काढली, तेव्हा त्यांनी सोडल्या त्या झोमॅटो गोल्डसारख्या सवलतीच्या योजना. त्यांचं भांडण यादीशी नव्हतं, भरमसाट सवलतींशी होतं.

आणि यादीच्या नावाखाली कुणी परस्पर धंदाच मांडला तर? सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘किन काओ’ या थाई हॉटेलात जानेवारी २०२० मध्ये ऑर्डर कुठवर आली, अशी विचारणा होऊ लागली. मालकीण पिम तेचामुआनविवित चक्रावल्या, कारण त्यांचं हॉटेल घरपोच जेवण देतच नव्हतं. डिलिव्हरी कंपनीने न विचारता त्यांचं नाव टाकलं होतं, आणि खाली जे पदार्थ दाखवले होते ते त्यांच्याकडे मिळतही नव्हते. अशा तक्रारी वाढल्यावर कॅलिफोर्नियाने कायदाच केला : १ जानेवारी २०२१ पासून हॉटेलशी आधी करार केल्याशिवाय त्याच्या जेवणाची डिलिव्हरी अशा कंपन्यांना करता येत नाही.