विद्याविहारचं विद्यापीठ

विद्याविहारला फास्ट लोकल थांबत नाही. कल्याण-डोंबिवलीची मुलं घाटकोपरला उतरतात आणि एका स्टेशनापुरती स्लो पकडतात, उशीर झाला असेल तर तिथूनच रिक्षा करतात. पश्चिम उपनगरातल्या मुलांचे हाल २०१४ च्या जूनमध्ये थोडे कमी झाले. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली आणि बोरिवलीहून दादरला जाऊन गाडी बदलायची कटकट संपली. सकाळी पूर्वेला उतरणाऱ्या गर्दीतल्या पाठीवरच्या सॅक पाहिल्या की बहुतेकांची दिशा कळते. सगळे सोमय्या विद्याविहारला निघालेले असतात. स्टेशनाचं नावसुद्धा या शिक्षणसंस्थेवरूनच आलेलं आहे.

मुंबईच्या उपनगरातलं हे खासगी विद्यापीठ मूळ धरून आहे ते तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या उसाच्या जमिनीत. करमशी जेठाभाई सोमय्या कच्छचे. साखरेच्या व्यापारात उमेदवारी करून ते कारखानदार झाले. १९३९ साली त्यांनी गोदावरी शुगर मिल्स काढली, आणि साकरवाडी, लक्ष्मीवाडी ही नावं कोपरगावच्या परिसरात रूढ झाली. त्या पैशातून १९५९ साली सोमय्या विद्याविहार उभं राहिलं. पुढच्याच वर्षी महाविद्यालय, १९८१ साली व्यवस्थापन संस्था, १९८३ साली अभियांत्रिकी. एकाच आवारात बालवाडीपासून पीएचडीपर्यंत शिकता येईल असं हे गाव वाढत गेलं. २०१९ साली त्यातल्या काही संस्था एकत्र येऊन सोमय्या विद्याविहार विद्यापीठ झालं.

विद्यापीठ झालं म्हणजे नेमकं काय बदललं? इमारती त्याच, प्राध्यापक तेच, कँटीनही तेच. बदलला तो पेपर, आणि मला यातच सगळं महत्त्वाचं दिसतं.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही विचारा. अभ्यासक्रम ठरवणारे वेगळे, शिकवणारे वेगळे, पेपर काढणारे कुणी तिसरेच, आणि तपासणारा तर कोण ते शेवटपर्यंत कळायचं नाही. मग मुलं काय करायची? गेल्या पाच वर्षांचे पेपर जमवायची, 'आयएमपी' प्रश्नांवर खुणा करायची, टेकमॅक्सचं पुस्तक आणायची आणि शेवटच्या दहा दिवसांत सेमिस्टर मारून न्यायची. वर्गातले सर कितीही जीव तोडून शिकवोत, पेपरात काय येणार हे त्यांच्या हातात नसे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, तेव्हा निकाल महिनोन्महिने रखडले. परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेची वाट बघत बसली आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. शेकडो कॉलेजांचा गाडा एका परीक्षा विभागाने ओढायचा, तर दुसरं काय होणार?

आता विद्याविहारात जो शिकवतो तोच पेपर काढतो आणि तोच तपासतो. खरं तर अभियांत्रिकी महाविद्यालय स्वायत्त झालं तेव्हाच याची सुरुवात झाली होती, विद्यापीठ झाल्यावर पदवीही स्वतःची झाली. नवा विषय आणायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागत नाही. चाचण्या, प्रोजेक्ट, तोंडी परीक्षा सेमिस्टरभर चालूच असतात, त्यामुळे शेवटच्या दहा दिवसांची जादू चालत नाही. मुलांची तक्रार असते की श्वास घ्यायला फुरसत नाही. ती खरीच आहे, पण मला हे ओझं पूर्वीच्या अनिश्चिततेपेक्षा शंभरदा परवडलं. मात्र जोखीम इथेच आहे. शिक्षक कसदार असेल तर पेपर कसदार होतो. तो सैल असेल तर त्याला आवरायला बाहेरचं कुणी नाही, आणि पदवीवरचा पॉइंटर, म्हणजे सरासरी श्रेणीगुण, कितीही भरघोस दिसला तरी त्यामागे काय आहे हे मुलाखतीतच उघडं पडतं.

या विद्यापीठात शिक्षण कसं होतं हे पाहायचं तर मी वर्कशॉपकडे बोट दाखवेन. अभियांत्रिकीच्या मुलांचा 'ओरायन रेसिंग इंडिया' नावाचा संघ एका माणसाची रेसिंग कार स्वतः आखतो, बांधतो आणि फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरवतो. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर होणारी फॉर्म्युला भारत ही या स्पर्धेची देशी आवृत्ती. पेट्रोल गाडीसाठी नियम असा, की इंजिन ७१० सीसीपर्यंतचं असावं, पण त्यात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. म्हणजे इंजिनाचा गळाच आवळलेला. आता त्या भोकापुढची नळी किती अंशांनी रुंदावत न्यायची, हवेची पेटी केवढी ठेवायची, इंधन केव्हा किती सोडायचं, हे मुलांनी गणिताने काढायचं आणि मग प्रत्यक्ष इंजिनावर चुकायचं. तपासणीत गाडी ६० अंशांत कलती करतात, तेलाचा एक थेंब गळला तरी ट्रॅकवर जाता येत नाही.

हजार गुणांची ही स्पर्धा आहे, आणि त्यातले बरेच गुण गाडी जागची हलण्याआधीच ठरतात. रचनेचा प्रत्येक निर्णय परीक्षकांसमोर पटवून द्यायचा, नटबोल्टसकट खर्चाचा हिशेब मांडायचा, धंद्याचा आराखडा सादर करायचा. शेवटी सुमारे २२ किलोमीटरची एंड्युरन्स. मध्यावर चालक बदलतो आणि तापलेलं इंजिन पुन्हा सुरू करावं लागतं. वर्षभराची मेहनत कित्येक संघांची इथेच विझते. सेकंड इयरचं पोर आधी नुसतं घासकाम करतं, पाने हातात देतं, सीनिअरच्या शिव्या खातं. वर्षाने तेच पोर सस्पेन्शनचा हिशेब नव्या मुलांना समजावत असतं. ॲप्लाइड मेकॅनिक्समध्ये नापास होऊन केटी लागलेला मुलगा इथे भार कुठून कुठे जातो हे बोटाने दाखवतो. हे शिक्षण कुठल्याच पेपरात मावत नाही.

याच आवारात पाली, संस्कृत, जैन आणि बौद्ध अध्ययनही चालतं. त्यात नोकरीची हमी नाही, तरी संस्थेने ते टिकवलं याबद्दल मला मनापासून आदर आहे.

राहता राहिली फी. इंजिनिअरिंगची वर्षाची फी लाखांत जाते, आणि इथे सरकारी आधाराच्या अटींची भिंत आडवी येते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ झाली, पण कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, संलग्न महाविद्यालयांत प्रवेश घेतला तर. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. म्हणजे कळव्याच्या एखाद्या रिक्षावाल्याच्या हुशार मुलीला अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटमध्ये जी सवलत मिळेल ती विद्याविहारात मिळणार नाही. विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा विज्ञान-वाणिज्य आणि कला-वाणिज्य ही आवारातली जुनी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाकडेच राहिली, म्हणून मध्यमवर्गाची एक वाट तिथे उघडी राहिली. इंजिनिअरिंगला ती नाही.

करमशीभाईंनी डहाणूजवळ नरेशवाडीला आदिवासी मुलांसाठी शाळा काढली. समाजाकडून मिळालेलं कित्येक पटींनी परत करायचं, हे ते सांगत असत. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाला हाच निकष लावायला हवा. म्हणून प्रवेशाच्या टेबलावर पालकांनी प्लेसमेंटचं पॅकेज नंतर विचारावं. आधी विचारावं की चारही वर्षांची मिळून फी किती, शिष्यवृत्ती किती जणांना, आणि दुसऱ्या वर्षी पॉइंटर घसरला तर ती चालू राहते की बंद होते. उत्तर लेखी मागावं.