माळ्यावरच्या तबकड्या पुन्हा गाऊ लागतात!

मैत्रिणींनो, जुन्या रेकॉर्डी भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबा हं! नगरच्या आमच्या घरी मी तेच करणार होते; सासूबाई मात्र गप्प गप्प झाल्या.

टर्नटेबल थेट पॉवर ॲम्प्लिफायरला जोडला, तर आवाज अगदी किरटा नि क्षीण! मॅग्नेटिक पिकअपमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. ॲम्प्लिफायरला साधारण १ व्होल्ट लागतो. शिवाय तबकडीवर खर्ज मुद्दाम कमी करून कोरलेला असतो. छोटासा फोनो प्रीॲम्प्लिफायर दोन्ही उणिवा भरून काढतो. आवाजाचं बटण असलेलाच घ्या. टर्नटेबलची अर्थची तार त्याच्या स्क्रूला जोडा, म्हणजे घुंघूं थांबते. जोडताना वीज बंद, आवाज शून्यावर!

त्या संध्याकाळी सासूबाई गाण्याबरोबर गुणगुणत भाजी निवडत होत्या.